चूप राहील त्यानं चहा करायचा

तहसिलीत कागद हरवतात, किस्से हरवत नाहीत. मी आदिलाबादच्या तहसिलीत कारकुनी केली. सरकारनं तालुके मोडून मंडलं केली, दारावरची पाटी बदलली, तरी गावाकडचा माणूस 'तहसील'च म्हणत राहिला, म्हणून मीही तेच म्हणतो. जिनिंगमध्ये काम करणारा घरी गेला तरी त्याच्या अंगावर कुठे ना कुठे कापूस सापडतोच. तसे आमच्या मंडळींचे किस्से मला चिकटलेले आहेत. एक झटकायला जावं तर आणखी चारदोन निघतात.

मंडळी म्हणजे मोजकीच. वानखडे सर, आदिलाबादच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांची बायको शकुंतलाबाई, प्रायमरीच्या मास्तरीण. तलमडुगुचे माधव पटेल, ज्यांनी एका चांगल्या हंगामात कापूस विकून कलर टीव्ही आणि व्हीसीआर घेतला. त्यांची पटेलीणबाई. बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतले मल्लेश गारू (तेलुगूत 'गारू' म्हणजे आपलं 'राव'), माझे कॉलेजातले खोलीसोबती. आणि मी, दिगंबर.

आमचं व्यसन काय, तर जुने अमेरिकन विनोदी पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट. मल्लेश गारूंचा मेव्हणा परदेशात होता. त्यानं पेटीभर कॅसेटी पाठवल्या. गारूंना वाटलं, गुप्तहेरांचे पिक्चर असतील. निघाली सगळी नवरा-बायकोची भांडणं. बाकीचं आदिलाबाद भाड्यानं मारामारीचे पिक्चर आणत होतं, त्या काळात आम्ही हे बघत बसलो होतो.

*

पहिला शो पटेलांच्या बैठकीत झाला. रविवारची दुपार. इंग्रजी पिक्चर म्हणून सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले होते. टीव्हीत एक बाई आणि एक माणूस एकमेकांवर असे बोलत सुटले की मधे श्वास कोण घेतं तेच कळेना. आम्ही हाताची घडी घालून, कुणाच्या तरी मयतीला आल्यासारखे बसलो होतो.

अर्धा पिक्चर झाल्यावर वानखडे सर म्हणाले, "हा विनोदी चित्रपट आहे."

पटेल त्यांच्याकडे वळले. "मंग आधी सांगाचं ना सर. मी येवढा येळ चूप बसून राह्यलो."

तिथून पटेल जे हसायला लागले ते थांबलेच नाहीत. हिरॉइन रडली, हसले. दार वाजलं, हसले. शेवटी पडद्यावर 'दि एंड' आलं, त्यालाही हसले. पुढे दर पिक्चरला 'दि एंड'ला हसायचं हा त्यांचा रिवाजच झाला.

*

सरांनी आम्हाला सांगितलं की या प्रकाराला 'स्क्रूबॉल कॉमेडी' म्हणतात.

"म्हंजे काय?" पटेलांनी विचारलं.

सर म्हणाले, अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, त्यात एक चेंडू असा टाकतात की तो भलतीकडेच वळतो. मग बेसबॉल म्हणजे काय ते सांगितलं. मग तो क्रिकेटपेक्षा वेगळा कसा ते सांगितलं. दारात उभी राहून पटेलीणबाई ऐकत होती.

"येवढं कायले पायजे?" ती म्हणाली. "भांडणाचे पिक्चर म्हना."

तेच नाव राहिलं. आणि खरं सांगतो, आम्ही त्या भांडणांवर जीव टाकला. आपल्याकडच्या पिक्चरमध्ये बाई रडायला लागली की समजायचं, पिक्चर संपत आला. यात बाई बोलायला लागली की पिक्चर सुरू व्हायचा. ती नवऱ्याला खड्ड्यात ढकलायची, वर हात द्यायची आणि हात देतादेता पुन्हा बोलायची. मला ते फार आवडायचं.

*

पटेलांचं दुःख वेगळं होतं. तलमडुगुत पहिला कलर टीव्ही त्यांचा. गाव खिडकीत गोळा झालं, तर आत सगळं काळंपांढरं. दुसऱ्या दिवशी चावडीवर बोभाटा, की पटेलाले दुकानदारानं फसवलं.

पटेल रागारागानं आदिलाबादला आले. मला म्हणाले, "दिगंबरराव, मेकॅनिक पाठवा. रंग येऊन नाई राह्यला."

"पटेल, पिक्चरच तसा हाये."

"मले समजते. गावाले कोण सांगन?"

उपाय त्यांनी स्वतःच काढला. भांडणाचा पिक्चर लावण्याआधी एका तेलुगू पिक्चरचं गाणं लावायचं. लाल साडी, हिरवी झाडं, पिवळी फुलं. खिडक्या उघड्या टाकायच्या, गावाला नीट बघू द्यायचं. कुणी म्हातारा उशिरा आला तर गाणं पुन्हा मागे घ्यायचं. सगळ्यांची खात्री पटली की पटेल खिडक्या लावून घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, आता लावा आपलं बिनरंगी."

*

कापूस निघाल्यावर भाव येईपर्यंत पटेल तो बैठकीतच रचायचे. छतापर्यंत. मग आम्ही पिक्चर कापसावर बसून बघायचो. त्यात एक गोष्ट कळायची. जो जास्त हसायचा तो जास्त आत जायचा. वानखडे सर शेवटपर्यंत वरच असायचे. मल्लेश गारूंना मात्र दर वेळी दोघांनी ओढून काढावं लागे. एकदा त्यांचा चष्मा आतच राहिला. तो पुढे जिनिंगमध्ये सापडला म्हणतात, पण ते मी पाहिलेलं नाही.

*

वानखडे सर वर का राहायचे? कारण ते हसायचे नाहीत, समजावून सांगायचे. व्हीसीआरचं पॉज बटण कंपनीनं त्यांच्यासाठीच काढलं होतं. हिरॉइन काही बोलली की बटण. मग ती काय बोलली, त्यात विनोद कोणता, तो कितव्या प्रतीचा. आम्ही "अस्सं अस्सं" म्हणेपर्यंत आमचं हसू कुठल्या कुठे गेलेलं असायचं. पुढे पुढे तर विनोद व्हायच्या आधीच सांगायला लागले. "आता इथं तो पडणार आहे, नीट पाहा."

एकदा हिरॉइनच्या ऐन वाक्यात बटण दाबलं. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि सर बोलत राहिले.

पटेलीणबाई म्हणाली, "तिले आधी बोलू द्या ना सर. बिचारीचं तोंड दुखत असन."

सगळे हसले. सर हसले नाहीत. तेव्हा शकुंतलाबाई उठल्या. आतापर्यंत त्या कोपऱ्यात बसून वह्या तपासत तपासत बघायच्या. त्यांनी पॉज काढला, कॅसेट पार सुरुवातीला नेली आणि आवाज बंद केला.

"इंग्रजी शो झाला," त्या म्हणाल्या. "आता मराठी शो. जिचं तोंड हलंल तिचं मी बोलते. त्याचं तुमी बोला."

अशी ती पद्धत पडली. आधी आवाजासकट बघायचं, मग आवाज बंद करून आपण बोलायचं. नियम पटेलीणबाईनं घातला. चहा करण्यात तिचे अर्धे पिक्चर बुडायचे. पडद्यावर तोंड हलतंय आणि इथं माणूस चूप, असं झालं की त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा.

वाटणी अशी होती. हिरॉइन शकुंतलाबाई, हिरो अर्थातच वानखडे सर. हिरॉइनचा श्रीमंत बाप पटेल. नोकर, वेटर, हवालदार मल्लेश गारू, तेलुगूत. माझ्याकडे न्यायाधीश आणि कुत्रा. न्यायाधीश क्वचित यायचा, कुत्रा प्रत्येक पिक्चरमध्ये असायचा.

चहा सगळ्यांनी केला. पटेलांनी केला, मी केला. मल्लेश गारूंचा चहा तर खाणीतून काढल्यासारखा काळा असायचा. सर एकदाच अडकले. म्हणाले, "हा नाट्यपूर्ण विराम आहे." आणि तोपर्यंत शकुंतलाबाई सवयीनं उठून स्वयंपाकघरात गेल्या होत्या. नियम मोडलेला नाही, असं सरांचं म्हणणं. चहा झाला की नाही?

*

एका पिक्चरमध्ये हिरो पत्रकार होता आणि हिरॉइनच्या बापाकडे तिला मागणी घालायला आला होता. पडद्यावर बाप सिगार ओढत काहीतरी पुटपुटला.

पटेल म्हणाले, "शेती किती?"

सर गडबडले. "अं... शेती नाही. मी पत्रकार आहे."

"कोरडवाहू तरी?"

"पटेल, तो शहरात राहतो."

"मंग पोरगी देत नाई."

"असं नाही चालत. तो पुढे हो म्हणतो पिक्चरमध्ये."

"तो म्हनते. मी म्हनत नाई."

पडद्यावर बापानं हिरोच्या पाठीवर थाप मारली, चर्च आलं, फुलं आली, केक कापला गेला. पटेल शेवटपर्यंत ओरडत राहिले, "मले विचारलं नाई! मले विचारलं नाई!" लग्न लागलं तरी त्यांनी संमती दिली नाही. मला बस स्टँडवर सोडायला आले तेव्हा बाजूला घेऊन म्हणाले, "तुमीच सांगा, त्या पोराच्या घरी दाने तरी असन का?"

*

बेल्लमपल्लीला मल्लेश गारूंच्या क्वार्टरमध्ये एकदा शो ठेवला. क्वार्टरच्या भिंती सामाईक. शेजारी सगळे तेलुगू बोलणारे खाणकामगार.

त्या दिवशीचं भांडण जबरदस्त होतं. हिरोनं बायकोची बदनामी करणारी बातमी छापलेली आणि बायको त्याच्या अंगावर एकेक फुलदाणी फेकत होती. शकुंतलाबाईंचा आवाज चढला. "सोळा वर्षं तुमच्या घरात राबली, तुमी मले येकदा तरी विचारलं का?" सरही चढले.

दार वाजलं. बाहेर चाळीतली जाणती माणसं उभी. मल्लेश गारूंनी किती सांगितलं की हा सिनेमा आहे. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं. टीव्ही मुका. आवाज तर खोलीत बसलेल्या या नवरा-बायकोचा. मराठी त्यांना येत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. ती माणसं चटई ओढून बसली. एकीनं शकुंतलाबाईंना पाणी आणून दिलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं दोन्ही बाजू ऐकल्या. सरांची बाजू त्याला पटली नाही, कारण सर ती इंग्रजीत मांडत होते. निकाल दिला, "तप्पु मीदे." म्हणजे चूक तुमची. माफी मागा.

"अहो, ती हिरोची चूक आहे!" सर म्हणाले.

"मागा ना," शकुंतलाबाई खाली बघून म्हणाल्या. "लोकं थांबले."

शेवटी सरांनी हात जोडले आणि तेलुगूत म्हणाले, "तप्पैंदी." माझं चुकलं. लोक समाधानानं उठून गेले. सरांनी संसारात मागितलेली ती पहिली माफी. तीसुद्धा दुसऱ्याच्या बायकोवर दुसऱ्यानं केलेल्या अन्यायाची!

*

याच सरांनी हायस्कुलाच्या हॉलमध्ये व्याख्यान दिलं. विषय, चित्रपटातील स्त्री. मी पुढच्या रांगेत होतो. सर सुंदर बोलले, ते मान्यच करायला हवं. म्हणाले, या चित्रपटांतली स्त्री स्वतःचा निर्णय स्वतः घेते, पती तिच्याशी बरोबरीनं वाद घालतो, हरतो आणि हरूनच सुखी होतो. टाळ्या पडल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्या घरी कसं हाये?"

सर हसले. "आमच्या घरी सगळे निर्णय दोघं मिळून. त्या इथंच आहेत, त्यांनाच विचारा."

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी तोंड उघडलं.

"होच म्हणतील त्या," सर म्हणाले. "बसा तुम्ही."

बाई बसल्या. पुन्हा टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, एवढंच माझं शौर्य.

*

आता शेवटचा.

शकुंतलाबाईंना हेडमास्तरीण म्हणून प्रमोशन आलं. गाव निर्मल. रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही, तिथं खोली करून राहावं लागणार, शनिवारी परत यायचं. मुलगा हैदराबादला शिकायला होता. घरात दोघंच. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर प्रमोशन नको असं कळवायचं. आणि एकदा नको म्हटलं की पुन्हा कधी नंबर लागेल ते देवाला ठाऊक. बाईंच्या मागून नोकरीला लागलेले दोन मास्तर केव्हाच हेडमास्तर झाले होते.

सरांनी परस्पर जाहीर करून टाकलं. तहसिलीत येऊन मलाही सांगितलं, "ती जात नाही. तिलाच नको आहे. घर आहे, मी आहे."

मला राग आला. पण मी तहसिलीतला माणूस, राग आला की चहा मागवतो. दोन दिवसांनी बाजारात बाई भेटल्या. ज्वारी निवडून घेत होत्या. मी विचारलं, "बाई, तुमाले खरंच नको का निर्मल?"

"मले कोणी विचारलं का अजून?" त्या म्हणाल्या आणि पिशवी उचलून चालू लागल्या. पटेलीणबाईकडून मग कळलं की घरात दोघांचं बोलणं बंद आहे.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, सरांच्याच घरी शो ठरला. पटेलांनी व्हीसीआर गोधडीत गुंडाळून जीपमधून आणला. मल्लेश गारूंनी तीन नव्या कॅसेटी आणल्या होत्या. त्यातली एक शकुंतलाबाईंनी उचलली. कव्हरवरचं इंग्रजी त्यांनी बराच वेळ वाचलं होतं.

पिक्चर असा. नवरा-बायको मिळून एक हॉटेल चालवतात. समोरचा हॉटेलवाला बायकोला मॅनेजर म्हणून बोलावतो. नवरा तिला न विचारता सांगून टाकतो, ती येणार नाही. ती जाते. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खिडक्यांतून भांडण, सूपच्या भांड्यांची फेकाफेक, कुत्र्याची कुणाकडे राहावं म्हणून धावपळ. शेवटी बायको मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात निघते. नवरा प्लॅटफॉर्मवर पळत येतो, विनवण्या करतो, ती गाडीतून उतरते, मिठी, दि एंड. इंग्रजी शोला त्या नवऱ्याला सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल, तर एरवी न हसणारे वानखडे सर.

मग आवाज बंद केला आणि मराठी शो सुरू झाला.

सर जोरात होते. "ती येणार नाही," त्यांनी पडद्यावरच्या हॉटेलवाल्याला सुनावलं.

समोरचा हॉटेलवाला पटेलांकडे होता. "या बाई," ते म्हणाले, "आमच्याकडं खोली हाये, नळाले पाणी हाये."

खिडक्यांचं भांडण झालं, सूप सांडलं, मी दोन्हीकडे भुंकून घेतलं. आम्ही खूप हसलो. बाईसुद्धा.

मग प्लॅटफॉर्म आला. सरांनी पुस्तकी आवाज काढला, "प्रिये, थांब!" पटेल खोखो हसले.

पडद्यावर हिरॉइननं खिडकीतून मान बाहेर काढली. बाई बोलल्या, पण तो हिरॉइनचा आवाज नव्हता. घरातला, हळू आवाज होता.

"कायले थांबू?"

पडद्यावर हिरो बोलायला लागला. लांबलचक. हात हलवत होता, टोपी काढत होता, परत घालत होता, तोंड थांबत नव्हतं. सरांनी तोंड उघडलं. काहीच आलं नाही. आम्ही एक डोळा पडद्यावर, एक सरांवर ठेवून होतो.

पडद्यावर कुत्र्याचं तोंड हललं. माझं काम होतं, मी भुंकलो. कुणी हसलं नाही.

हिरो अजून बोलतच होता. गाडीनं वाफ सोडली. हिरॉइन दार उघडून खाली उतरली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"ही उतरली," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मी नाई उतरत."

दि एंड आलं. पटेल हसले नाहीत.

पटेलीणबाई म्हणाली, "सर चूप राह्यले. मी पाह्यलं."

सगळ्यांनी शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्या मांडी घालून बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग उठले आणि आत गेले. स्वयंपाकघरात एक डबा उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग एक झाकण खाली पडून गोल फिरत राहिलं.

"अवं," आतून सरांचा आवाज आला, "साखर कुठं हाये?"

शकुंतलाबाईंनी कॅसेट मागे घ्यायचं बटण दाबलं.

"शोधा," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोजच लागन."